आत कोण आहे?

हाळीवाल्यांना हाळीवाले हे नाव कोल्ड स्टोरेजमधल्या हमालांनी ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरचं खरं नाव वाचून कॅशियरसुद्धा क्षणभर हा कोण बुवा म्हणून विचारात पडायचा. कारण साधंच होतं. बटाटे, सफरचंदं, लोण्याची खोकी भरलेल्या त्या थंड खोल्यांची दारं वीतभर जाडीची. एकदा लागली की आतून कितीही बोंबला, बाहेर काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. म्हणून दार ओढण्याआधी आत तोंड घालून विचारायचं, "आत कोणी आहे का?" आणि आपलाच आवाज विरेपर्यंत थांबायचं. उत्तर आलं तर दार लावायचं नाही, मग माल नासो की साहेब ओरडो. नियम सगळ्यांनाच होता. पण बाकीचे ऑपरेटर घाईघाईत काहीतरी पुटपुटायचे, आणि हाळीवाले अशी खणखणीत हाळी द्यायचे की बाहेर लॉरीत झोपलेला ड्रायव्हर दचकून उठायचा. इतक्या वर्षांत उत्तर एकदाच आलं होतं. सफरचंदांच्या खोक्यांमागे एका हमालाला डुलकी लागली होती, तो आतून 'ओ' म्हणाला. त्यानंतर तो हमाल असेपर्यंत आपल्या डब्यातला पहिला वाटा हाळीवाल्यांसाठी काढून ठेवायचा.

दार लावलं की त्याच्या कडेनं रबरावरून तळहात फिरवायचा, ही त्यांची स्वतःची भर. कुठून गार हवा झिरपत असेल तर तापमानाच्या काट्याच्या आधी हाताला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. हे सगळं रात्रीचं काम. लग्न झालं त्या वर्षी रात्रपाळी लागली ती निवृत्त होईपर्यंत सुटली नाही.

त्यांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांच्या दंडाला पट्टी बांधायची, शीर शोधायची, आणि "जरा टोचेल हं" म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं. मुंगी चावली की काय, असं एकदा कोणी म्हणालं आणि तेव्हापासून ती मुंगीबाई. म्हातारी माणसं दुसरीकडून हात टोचून घ्यायला तयारच नसत, मुंगीबाई येईपर्यंत बसून राहात.

आता या दोघांचा संसार कसा चालायचा ते ऐकण्यासारखं आहे. हाळीवाले सकाळी घरी यायचे तेव्हा मुंगीबाई निघायच्या तयारीत असायची. दारात भेट. दूध आलंय, पोरीला सर्दी आहे, गॅस संपत आलाय, एवढं बोलून ती जिना उतरायची. मग हाळीवाले आत जाऊन पलंगावर आडवे व्हायचे, भिंतीकडच्या बाजूला. खिडकीकडून उजेड डोळ्यांवर यायचा, म्हणून भिंतीकडे. आणि रात्री मुंगीबाईही तिथंच झोपायची, खिडकीकडून वारा लागतो म्हणून. त्यामुळे हाळीवाले रात्रभर गारठलेलं अंग घेऊन आडवे झाले की गादीत तिची ऊब शिल्लक असायची. त्या उबेत ते लेकरासारखे झोपायचे. संध्याकाळी ते उठून गेले की काही वेळानं ती त्यांच्या उबेत शिरायची. इतकी वर्षं दोघांनी असाच एकमेकांशी संसार केला, आणि कोणी विचारलं असतं तर दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की आमचं कधी भांडण म्हणून झालं नाही. भांडायला एका वेळी दोघं लागतात, हे कोणाच्या लक्षात आलं नसतं इतकंच.

मुलगी शिकली, नोकरी लागली, दुसऱ्या देशात गेली. त्याच वर्षी हाळीवाले निवृत्त झाले. मुलीनं फोनवरून बजावलं, बाबा, आता आईबरोबर मजेत राहा. हाळीवाले म्हणाले, अगं, तेच तर करायचंय.

पहिल्याच रविवारी दुपारी जेवण झालं आणि दोघं पडायला म्हणून पलंगाकडे गेली. दोघंही एकाच वेळी भिंतीकडच्या बाजूला वळली आणि एकमेकांवर आदळली. तेव्हा हसू आलं. हाळीवाले म्हणाले, तू झोप तिकडे, मला काय, आणि मोठ्या मनानं खिडकीच्या बाजूला आडवे झाले.

गादी ऊबदार होती.

आधी त्यांना वाटलं, उन्हानं. पण पडदा सकाळपासून ओढलेला होता. मग त्यांना गादीतला खळगा कळला. खांद्याला एक, कमरेला एक, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. हाळीवाल्यांचा डावा खांदा तरुणपणी खोकं अंगावर पडल्यापासून असाच उतरलेला होता. त्या खळग्यात त्यांचं अंग असं बसलं, जसा जुना बूट पायात बसतो. पण ते या बाजूला कधी झोपलेच नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी होती, आणि अंग चोरून होती.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक खुर्ची होती. हाळीवाले तिच्यावर टेकायला गेले की मुंगीबाई चटकन म्हणायची, "तिथं नका बसू." का, म्हणून विचारलं तर स्वतःच गोंधळायची आणि म्हणायची, बसा, बसा, मी आपलं सहज म्हटलं. निळ्या काठाचा एक कप होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, कान तुटलेला. तो रोज धुतलेला दिसायचा. त्या कपातून आपण शेवटचा चहा कधी प्यायलो, हे हाळीवाल्यांना आठवेना. माणूस निवृत्त झाला की त्याला नाही ते दिसायला लागतं, असं त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

एका दुपारी ते न्हाणीघरात दाढी करत होते. बाहेरून बायकोचं हसणं ऐकू आलं. असं हसणं त्यांनी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. मग ती म्हणाली, "तू पण ना! ऐकशील तर खरं पुढचं." मुलीचा फोन आला असेल असं त्यांना वाटलं, पण बायकोचा फोन त्यांच्यासमोरच आरशाखालच्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता. बायको त्यांना लग्नानंतर वर्षभर तू म्हणायची, पुढे कधी अहो-जाहो सुरू झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ते गालाला साबण तसाच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले.

खिडकीपाशीची खुर्ची मागे ओढलेली होती. तिच्यासमोर निळ्या काठाचा कप. पलीकडे मुंगीबाई एकटी. ती दचकली नाही, चोरी पकडल्यासारखी उठलीही नाही. चारचौघांत गप्पा चालल्या असताना कोणी परका आला की बोलणं थांबतं, तशी थांबली. हाळीवाल्यांनी कप उचलला. अर्धा रिकामा होता. त्यांनी घोट घेतला तर गोडमिट्ट. मुंगीबाई बिनसाखरेचा घेते, आणि त्यांची स्वतःची साखर डॉक्टरनं तोडून किती वर्षं झाली. त्या कपातून पिणारा जो कोणी होता, त्याला मधुमेह झालेला नव्हता.

"कोणाशी बोलत होतीस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याशीच की," ती म्हणाली.

खोटं बोलताना तिच्या मानेवर लाली चढते, हे त्यांना माहीत होतं. मान स्वच्छ होती. हाळीवाले खाली बसले, त्या खुर्चीत नाही, दुसऱ्या. तिनं मग सरळ सांगून टाकलं. पोर लहान होती, बोलायला घरात कोणी नव्हतं. आधी नुसताच कप मांडायची. मग दिवसभराचं सांगायची. मग कधीतरी समोरून विचारणा व्हायला लागली, पुढे उत्तरं यायला लागली, आणि एका हिवाळ्यात रात्री गादीची दुसरी बाजू गरम लागली. घाबरायचं काय त्यात, म्हणाली, नवराच होता ना माझा. आणि मग तिनं असं काही सांगितलं की हाळीवाल्यांच्या हातातला कप टेबलावर कलंडला.

"माझ्या छातीत गाठ आली होती, तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात. रिपोर्ट येईपर्यंत माझा हात सोडला नाहीत. साधी गाठ आहे असं कळलं तेव्हा रडलात."

"कोणती गाठ?" हाळीवाले म्हणाले.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. बायको मरणाच्या दारात उभी राहून आली आणि त्यांना पत्ता नाही. त्यांना राग आला, लाज वाटली, आणि दोन्ही मिळून त्यांचा आवाज चढला. सांगायला काय झालं होतं, म्हणाले. सांगितलं की, ती म्हणाली. मग तीही चिडली. म्हणाली, पोरगी शाळेत गेल्यापासून मी वाट बघत होते, हा माणूस कधीतरी दिवसपाळी मागेल आणि संध्याकाळी घरात दिसेल. एकदा तोंडातून शब्द काढला असतात तर.

"अगं, मोठ्या साहेबांनी स्वतःहून विचारलं होतं," हाळीवाले म्हणाले. "तूच नको म्हणालीस. म्हणालीस, तुम्हाला रात्रीची सवय झालीय, राहू द्या."

"मी? कुठे विचारलंत मला?"

हाळीवाले आठवेल तसं सांगायला लागले. त्यांना ती जागा लख्ख दिसली. कंप्रेसरची खोली, भिंतीवरचे काटे, त्यांचं स्टूल, आणि समोरचं दुसरं स्टूल. माल आला, गेला, दारं लागली की ते तिथं बसून बायकोशी बोलायचे. रोज. इतकं बोलून व्हायचं की सकाळी दारात खऱ्या बायकोशी बोलायला काही उरायचं नाही, मन मोकळं झालेलं असायचं. दिवसपाळीचं तिथंच विचारलं होतं. ती स्टुलावर हिरवा स्वेटर घालून बसली होती आणि हसून नको म्हणाली होती.

"हिरवा स्वेटर माझ्याकडे कधीच नव्हता," मुंगीबाई म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे नको असं तिनं सांगितलं. माझ्या वतीनं."

मग तिनं उठून कलंडलेला कप विसळून ठेवला.

आता हाळीवाले हट्टाचे पक्के. घर आपलं, बायको आपली, आणि आपल्या जागेवर हा कोण टिकोजीराव येऊन बसलाय, मग तो आपल्याच तोंडावळ्याचा का असेना! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खिडकीपाशीच्या खुर्चीत ठाण मांडलं. सकाळी बसायचे ते संध्याकाळी उठायचे. चहा निळ्या काठाच्या कपातून, डॉक्टर गेला खड्ड्यात, साखर घालून. झोपायचं खिडकीच्या बाजूला. पहिले काही दिवस खुर्चीत बसलं की मांड्यांना ऊब लागायची, नुकतंच कोणीतरी उठून गेल्यासारखी, आणि त्यांच्या अंगावर काटा यायचा. तरी ते उठले नाहीत. मग ऊब हळूहळू ओसरली. थंडीची पारख त्यांना होतीच. खुर्ची निवली, गादीही निवली, आणि एक दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्यांना कळलं की आता इथं आपण दोघंच आहोत. जिंकलो, असं त्यांना वाटलं. त्या आनंदात त्यांनी स्वतः भांडी घासली.

पण मुंगीबाई मिटली. लॅबमधून यायची, ताट वाढायची, खिडकीकडे बघत घास गिळायची. रात्री झोपेत गादीवर हात फिरवायची, हाळीवाल्यांच्या अंगाला लागला की काढून घ्यायची. मग तिचा हातच गेला. शीर सापडेना. एका आजोबांचा हात तिनं चारदा टोचून काळानिळा केला, आणि मुंगी कसली, गांधीलमाशी आहे ही, असं म्हणून ते उठून गेले. लॅबच्या डॉक्टरनं तिला गोड बोलून महिनाभर रजा घ्यायला लावली. रजेच्या पहिल्याच दिवशी ती हाळीवाल्यांसमोर बसली.

"तुम्ही त्याला घालवलंत," ती म्हणाली.

हाळीवाले म्हणाले, अगं, पण मी आहे ना. मला सांग सगळं पहिल्यापासून, मी ऐकतो. त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आणि तिनंही मनापासून करून पाहिलं. गाठ कशी हाताला लागली, आंघोळ करताना, तिथपासून तिनं सांगायला सुरुवात केली. हाळीवाल्यांनी तिचा हात धरला. सगळं ऐकलं. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण ते दुसऱ्याच कोणा बाईविषयी ऐकून वाटावं तसं. डोळ्यांत पाणी येईना. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळूनही पाहिले. मुंगीबाईनं ते पाहिलं आणि पेशंटचा थोपटते तसा त्यांचा हात थोपटला. झालं, झालं, म्हणाली. मग तिनं घटस्फोट मागितला.

"तुम्ही वाईट नाही हो. पण त्याच्याबरोबर माझी सगळी वर्षं गेली. तुमच्याबरोबर काय आहे? दारातली भेट. आता नव्यानं ओळख करून घ्यायची माझ्यात ताकद नाही."

हाळीवाले आठवडाभर नाही म्हणत राहिले. ओरडले, अबोला धरला, एकदा रडलेही, पण तेव्हा ती भाजी आणायला गेली होती. त्यांना ती हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. पण समोर बसलेल्या सुकत चाललेल्या बाईकडे बघताना त्यांना थंड खोलीतला तो हमाल आठवायचा, दाराआड राहिला असता तो. शेवटी एका सकाळी ते खिडकीपाशीच्या खुर्चीतून उठले, खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली, आणि म्हणाले, कुठे सही करायची सांग.

मुलगी फोनवर खूप भडकली. या वयात? निदान कारण तरी सांगा. कारण कोणालाच सांगता येईना. वकीलबाईंनी मात्र काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, असे बरेच येतात. मुलं उडून जातात, नोकरी संपते, माणसं पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघतात आणि मग माझ्याकडे येतात. नवरा पितो का, मारतो का, एवढं त्यांनी नियमाला धरून विचारलं. दोन्हींना मुंगीबाईनं मान हलवून नाही म्हटलं आणि नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सवयीनं नीट केली.

कागदपत्रं होईपर्यंत हाळीवाले बाहेरच्या खोलीत कोचावर झोपले. स्वयंपाकघरात ते गरजेपुरतेच जात. एकदा पाण्याला गेले तर निळ्या काठाचा कप ओट्यावर उपडा होता, नुकताच विसळलेला. त्यांनी खुर्चीवर तळहात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मुंगीबाईच्या गालावर पुन्हा रंग आला होता. लॅबमध्ये ती परत जायला लागली, आणि ते आजोबाही तिच्याकडेच परत आले असं कळलं.

जायचा दिवस आला. भरदुपार होती, जिन्यात ऊन पडलं होतं. त्यांनी दुसरीकडे एक खोली बघून ठेवली होती, सामान म्हणजे एक बॅग. मुंगीबाई दारापर्यंत आली नाही. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, सांभाळून जा हो, गोळ्या वेळेवर घ्या. हो, म्हणाले. बूट घातले, बॅग बाहेर ठेवली, दाराची कडी हातात धरली, आणि सगळ्या नोकरीची सवय, तोंडातून आपोआप गेलं.

"आत कोणी आहे का?"

हाळी सगळ्या घरात घुमली. ते थांबले, आपला आवाज विरेपर्यंत.

"आहे," आतून उत्तर आलं.

आवाज त्यांचाच होता. फक्त वर्षानुवर्षांच्या गारठ्यानं त्यांच्या घशात जी घरघर बसली होती, ती त्यात नव्हती. त्याच्यापाठोपाठ मुंगीबाईचं हसणं आलं, आणि कपात चमचा फिरल्याचा आवाज.

हाळीवाले दारात उभे राहिले. उत्तर आलं तर दार लावायचं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी हा नियम मोडला नव्हता. त्यांचे पाय आत जायला निघालेही होते. त्यांनी ते आवरले, आणि दार हलक्या हातानं ओढून घेतलं. मग दाराच्या कडेनं वरपासून खालपर्यंत सावकाश तळहात फिरवला. कुठूनही ऊब बाहेर येत नव्हती.